नकार त्याचा, केसपेपर माझा

मुलगा लहान असताना त्याला दवाखान्यात न्यायचं आमच्या घरातलं तंत्र ठरलेलं होतं. कुठं चाललोय ते आधी सांगायचं नाही, इंजेक्शन झालं की उसाचा रस पाजायचा, आणि रडून गोंधळ घातलाच तर ह्यांनी त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणायचं. थोड्याफार फरकाने सगळेच आईबाप हे करतात. आता तो एकवीस वर्षांचा आहे. उंची पाच फूट दहा इंच. मतदार यादीत नाव आहे. त्याच्या खात्यावर माझी सही चालत नाही, हे मी बँकेत नोकरीला असल्यामुळे मला जरा जास्तच ठाऊक आहे. आणि तो म्हणतो, "मला काही झालेलं नाही. तुला एवढी हौस असेल तर तूच जाऊन दाखवून ये."

म्हणून मी गेले.

त्याआधीचं थोडक्यात सांगते. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. परीक्षेला बसलाच नाही, हे आम्हाला त्याच्या मित्राकडून कळलं. सांगलीला घेऊन आलो तेव्हा वाटलं, अभ्यासाचं टेन्शन असेल, एखादी मुलगी असेल. ह्यांना गांजाचा संशय. घरी आल्यावर त्याने खोलीतला पंखा बंद केला, कारण पंख्याच्या आवाजाआडून कुणीतरी त्याचं नाव घेऊन बोलत होतं. मोबाइल टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. समोरच्या बंगल्यावरचा कॅमेरा आपल्याकडेच रोखलाय म्हणून खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. मग माझ्या हातचं खाणं सोडलं. बंद पुड्यातली बिस्किटं आणि स्वतः सोललेली केळी, एवढ्यावर राहू लागला. रात्रभर फेऱ्या, दिवसा दार बंद.

सल्ल्यांना तोटा नव्हता. थोरल्या वन्सं म्हणाल्या, "पुण्यास्नं येताना काहीतरी ओलांडलंय त्यानं. अमावास्येला उतारा काढूया." शेजारच्या काकूंनी अंगारा आणून दिला, तो मी वाद नको म्हणून देवघरात ठेवला. बँकेतल्या एकाने हळूच एक नंबर दिला. कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्राचा. "फोन केला की चार माणसं गाडी घेऊन येतात. पहाटे झोपेतच उचलतात. तीन महिन्यांत माणूस सरळ." व्यसन नसलं तरी चालतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांना काय हो, पैसे भरले की झालं." नंबर मी घेतला, फोन केला नाही. पण ज्या घरात दोन-दोन महिने कुणी झोपलेलं नाही, त्या घराने असा फोन का केला असेल, हे मला आता कुणी समजावून सांगायला नको.

दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हटलं, तो येत नाही. वाटलं, परत पाठवतील. त्यांनी पेनसुद्धा थांबवलं नाही. "मग तुमचं नाव सांगा," म्हणाल्या आणि केसपेपरवर माझं नाव, माझं वय लिहून मलाच वजनकाट्यावर उभं केलं. माझंच बीपी घेतलं. ते वाढलेलं निघालं, ते सोडा. बाकावर माझ्या शेजारी तासगावकडच्या एक आजी होत्या. त्याही सुनेला घरी ठेवून आल्या होत्या, आणि त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. "आदी आपुन यायचं, मग ती येत्यात," असं त्यांनी मला बसल्याबसल्या सांगून टाकलं.

डॉक्टरांनी निदान सांगितलं नाही. न बघितलेल्या माणसाचं निदान करत नाही, म्हणाले. पण प्रश्न बरेच विचारले. झोप किती? आंघोळ करतो का? ताप, फिट असं काही झालं होतं का? मरण्याबद्दल बोलतो का? कुणावर हात उगारला का? घराण्यात कुणाला होतं का? शेवटच्या प्रश्नाला मी माझ्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं. मग ते म्हणाले, तुम्ही सांगताय त्यावरून हा सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटणं, असू शकतो. स्किझोफ्रेनियात तो असतो, तीव्र नैराश्यात होऊ शकतो, गांजाने होऊ शकतो, क्वचित मेंदूला सूज आल्यानेही. म्हणून तपासायला हवं. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो आणि मुलांमध्ये बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो. म्हणजे आईबापांची सही लागणं बंद होतं नेमकं त्याच सुमाराला. उपचारांविना जितका काळ जातो तितकं पुढं सावरणं अवघड. मी वहीत लिहून घेत होते. एकीकडे घाई करा, दुसरीकडे जबरदस्ती करू नका, अशी दोन वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

"पण त्याला दिसत कसं नाही? इतका हुशार मुलगा आहे," मी विचारलं. त्यावर त्यांनी बाबिन्स्कींची गोष्ट सांगितली. १९१४ साली पॅरिसमध्ये या मेंदूतज्ज्ञाने असे रुग्ण नोंदवले की ज्यांची शरीराची एक बाजू लुळी पडली आहे आणि त्यांना ते मान्यच नाही. हात उचला म्हटलं तर उचलला म्हणतात. खोटं बोलत नसतात. आपला हात लुळा आहे ही माहिती मेंदूत पोचतच नाही. स्किझोफ्रेनियातल्या बऱ्याच जणांचं आजाराबाबत तसंच होतं, आणि पुरावे देऊन, वाद घालून ते बदलत नाही. मला या गोष्टीचा फार आधार वाटला. घरी येऊन मी ह्यांना ती दोनदा सांगितली. तो हट्टी नाही, उद्धट नाही, तो जे "नाही" म्हणतो ते आजार म्हणतोय. सगळं एका कप्प्यात बसलं. इतकं नीट बसलं की पुढं मला त्याचाच संशय येऊ लागला, पण ते नंतर.

"मग ॲडमिटच करून टाका ना," मी पुढच्या खेपेला म्हटलं. तेव्हा कायदा कळला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. लागू झाला २९ मे २०१८ पासून. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९. दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. आणि तीनपैकी एक तरी गोष्ट हवी: त्याने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याशी हिंसक वागला असेल किंवा इजा होईल अशी भीती घातली असेल, नाहीतर स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलं असेल की त्याला इजा व्हायचा धोका आहे. तसं असेल तर ३० दिवसांपर्यंत, त्यापुढं पुन्हा नव्याने तपासणी. अगदी आणीबाणीची वेळ आली तर ७२ तासांपर्यंतच्या तातडीच्या उपचारांची वेगळी सोय. आमचा मुलगा केळी खात होता, पाणी पीत होता, अधूनमधून आंघोळही करत होता, कुणाला शिवी देत नव्हता. केळी खाणारा माणूस कलम ८९ मध्ये बसत नाही.

"आज बसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणी सोडलं, मरायची भाषा केली, तर त्या दिवशी लगेच फोन करा."

मी कर्जखात्यावर काम केलेलं असल्यामुळे कलमं वाचायची सवय आहे. रात्री कायदाच उघडून बसले. कलम ४ मध्ये म्हटलंय की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. हे वाक्य माझ्यासारख्या आयांना समोर बसवूनच लिहिलं असावं. मला राग आला. वातानुकूलित खोलीत बसून लिहायला काय जातं, वगैरे. मग पुढं वाचत गेले. साखळीने बांधायला बंदी. भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली तेव्हा अठ्ठावीस जण जळून मेले, कारण त्यांना बांधून ठेवलेलं होतं. त्यांना तिथं पोचवणारे बहुतेक घरचेच होते, आणि बरं व्हावं म्हणूनच पोचवणारे. माझ्या भावाला नव्वदच्या दशकात ज्या देवरुष्याकडे नेलं, तिथं मिरच्यांची धुरी देत. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्यात हा गुन्हा आहे. तेव्हा तो उपचार होता, आणि भावाचे हात धरायला माझे सख्खे चुलते होते. हे सगळं आठवल्यावर कायद्यावरचा राग निम्मा झाला. निम्मा अजून आहे. काय करायचं नाही ते कायदा नेमकं सांगतो. रात्री दोन वाजता मुलगा गच्चीत उभा राहून समोरच्या कॅमेऱ्याशी बोलतोय, तेव्हा घरी कोण येणार? समाजात राहून, घराजवळ सेवा मिळण्याचा हक्क कलम १८ मध्ये छान लिहिलाय. आमच्या गल्लीपर्यंत तो यायचा आहे. त्या रात्री मी १४४१६ वर, टेलि-मानस या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी मराठीत बोलत होती, वयाने माझ्या मुलाएवढीच असेल. तिने मला गच्चीवर जाऊन त्याला खाली ओढायला लावलं नाही, जिन्यात बसायला सांगितलं. पहाटे तो माझ्या शेजारून खाली उतरून झोपायला गेला.

दुसरा मोह आमटीतल्या गोळीचा. हा सगळ्यांनी सुचवला, अगदी शिकलेल्या लोकांनी. थेंब मिळतात, चव येत नाही, कॉफीत घाला. डॉक्टरांनी साफ नकार दिला. संमतीशिवाय औषध द्यायचं नाही हा एक भाग झाला. डोस किती गेला ते कळत नाही, पुढं अंग ताठरलं तर का ते त्याला कळत नाही, हा दुसरा. पण माझ्या डोक्यात तिसरंच बसलं. ज्या मुलाला वाटतंय की आई जेवणात काहीतरी घालते, त्याच्या जेवणात आईने खरंच काहीतरी घालायचं? म्हणजे त्याचा भ्रम मी स्वतःच्या हाताने खरा करून द्यायचा. घरोघर हे चालतं, आणि कधी नाइलाज असतो, मी कुणाला नावं ठेवत नाही. आमच्या घरात ते होणार नाही एवढं ठरलं.

या काळात मी बिनपगारी रजा टाकून घरी बसले होते. त्याच्या दारासमोर खुर्ची टाकून. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातले किती तास?" मी अभिमानाने सांगितलं, सगळेच. ते म्हणाले, कामावर जा. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यामागं चांगलं साठ-सत्तर वर्षांचं संशोधन निघालं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं की इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडतात. पुढं १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांनी आणखी नेमकं केलं: घरात टीका, चिडचिड किंवा जीव टाकणं फार असेल आणि अशा माणसाशी आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर गाठ पडत असेल, तर धोका वाढतो. जीव टाकणंसुद्धा त्या यादीत आहे, हे मी दोनदा विचारून घेतलं. आजार आईमुळे होतो असं यात कुठेही नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं. ऐंशीच्या दशकात चंदीगडला असाच अभ्यास झाला, तिथल्या घरांत टीका, जीव टाकणं यांचं प्रमाण लंडनपेक्षा कमी निघालं. तेवढ्यावर मी जरा खूश झाले, पण सांगली म्हणजे चंदीगड नव्हे. दुसऱ्या सोमवारी मी बँकेत गेले. ह्यांनी शाळेचे तास सकाळचे करून घेतले. दिवसाचे काही तास मुलगा घरात एकटा राहू लागला आणि, मला कबूल करायला जड जातं, पण त्या तासांत तो खोलीबाहेर येत होता. ओट्यावर धुतलेला कप सापडायचा.

बोलायचं कसं हे मला नव्याने शिकावं लागलं. अमेरिकेत झेवियर अमाडोर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी २००० साली यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा सगळा भर यावर की आजार पटवून द्यायच्या नादी लागू नका. ऐका, त्याला काय सोसावं लागतंय ते मान्य करा, ज्यावर दोघांचं एकमत आहे ते शोधा आणि तिथून पुढं जा. ऐकायला सोपं. करायला गेलं की जीभ चावावी लागते. "कॅमेरा माझ्याकडे बघतोय" म्हटल्यावर "नाही रे बाळा, तो त्यांच्या गाडीसाठी आहे" हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं. ते गिळायचं. हो, कॅमेरा आहे बघ, असंही म्हणायचं नाही. "सारखं कुणी बघतंय असं वाटत राहिलं तर झोप कशी लागणार," असं काहीतरी म्हणायचं. पहिल्यांदा मी हे म्हटलं तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुला कुणी शिकवलं असं बोलायला?" हुशार आहेच.

पण ऐकायचं म्हणून ऐकत राहिले आणि एक दिवस तो स्वतःहून म्हणाला, "मला मामा व्हायचं नाहीये."

माझा भाऊ गावी असतो. मुलगा लहान असताना उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी जायचा तेव्हा मामा सोप्यात बसलेला असायचा. तोंडातून लाळ, हात कोपरात वाकलेले, चालताना पाय घासत. लग्नाकार्यात त्याला मागच्या खोलीत बसवत. पोरं त्याची नक्कल करायची, त्यात हाही असेल. आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नाही की ती लाळ आणि तो ताठरपणा आजाराचा नव्हता, बराचसा औषधाचा होता. जुनं इंजेक्शन, मोठा डोस, आणि एकाच चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षं आणलेल्या गोळ्या. कुणी पुन्हा तपासायला नेलंच नाही, कारण तो शांत होता. शांत असणं म्हणजे बरं असणं अशीच घरात समजूत होती. मुलाला दिसलं ते एवढंच: मामा गोळ्या घेतो आणि मामा असा आहे.

आता सांगा, हे "नाही" कुणाचं? कॅमेऱ्याचं आजाराचं असेल, बिस्किटांचंही असेल. पण हे? माझ्या बँकेतला कुठलाही शहाणा माणूस मामाला बघून हेच म्हणाला असता. बाबिन्स्कींच्या गोष्टीत मी त्याचा सगळा नकार कोंबून ठेवला होता आणि त्यातला हा भाग त्या कप्प्यात मावेना. मला वाटतं, आम्हा घरच्यांची सगळ्यात मोठी सोय इथंच होते. तो चिडला, आजार. दार लावून घेतलं, आजार. लग्नाला यायचं नाही म्हणाला, आजार. एकविसाव्या वर्षी माझा एकही भाचा लग्नाला खुशीने येत नाही, त्यांना कुणी गोळ्या सुचवत नाही. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या ठिकाणी आणि अशा स्वमदत गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तशा गटांतल्या मंडळींशी मी पुढं फोनवर बोलत असे. तिथल्या एका जुन्या शुभंकर बाईंनी मला सांगितलं की त्या रोज रात्री मुलाच्या दिवसभराच्या "नाही" आठवून बघतात आणि त्यातली किती स्वतःच्या पोटच्या धडधाकट मुलीकडूनही ऐकली असती ते मोजतात. मी करून बघितलं. निम्म्याहून जास्त निघाली.

मामाचं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी निरोप दिला: "त्याला म्हणावं, मामाची चिठ्ठी घेऊन ये. मामा असा का झाला ते मी त्याला समजावतो. तुझ्याबद्दल बोलायचं नसेल तर नको बोलू." आणि मी जोडून दिलं, झोपेचं तेवढं विचारून घे, कारण झोप लागत नाही हे त्यालाही मान्य होतं. त्याने अटी घातल्या. आई आत येणार नाही. रक्त तपासायचं तर तपासा, पण कशासाठी ते आधी सांगायचं. आयुर्वेदिक चालेल, ॲलोपॅथी नको. या शेवटच्या अटीवर डॉक्टर हसले नाहीत, असं त्यानेच नंतर सांगितलं. उलट त्याला म्हणाले, सर्पगंधा ठाऊक आहे? १९३१ मध्ये सेन आणि बोस या दोघांनी तिचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो असा लेख लिहिला. तिच्यातलं रेसर्पिन पन्नासच्या दशकात परदेशातल्या मनोरुग्णालयांत चालत होतं. मग मागं का पडलं? रक्तदाब फार उतरायचा, माणसं उदास व्हायची, आणि १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे नवं औषध आलं होतं. म्हणजे वनस्पतीचं असो की कारखान्यातलं, त्रास काय होतो ते विचारायचंच. माझ्या मुलाला कुणी तरी बऱ्याच महिन्यांनी वादात बरोबरीने घेतलं होतं. तो पाऊण तास आत होता. मी बाहेर बाकावर भडंगाची पुडी हातात धरून बसले होते, ती काही फोडली नाही.

थायरॉइड, बी-बारा, साखर, मेंदूचा एमआरआय, सगळं ठीक निघालं. होस्टेलवर काही वेळा गांजा ओढला होता, हे त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नाही. पुढं त्यानेच ह्यांना सांगितलं, आणि इतके दिवस तो संशय घेऊन बसलेले हे त्यावर चक्क काहीच बोलले नाहीत.

गोळी सुरू झाली ती रिस्पेरिडोन, अगदी कमी डोस. "झोपेसाठी आणि त्या आवाजांचा त्रास कमी व्हावा म्हणून." आजाराचं नाव त्याने घेतलं नाही, कुणी घ्यायला लावलंही नाही. झोप लवकर सुधारली. मग डोस वाढवल्यावर त्याला एका जागी बसवेना. पाय सारखे हलायचे, जेवताना उठून फेऱ्या मारायचा. मला वाटलं, आजार उलटला. त्याने गोळी बंद केली आणि मला म्हणाला, "बघ, झालो ना मामा." डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार नव्हे, औषधाचा ठरलेला त्रास आहे, त्याला अकाथिसिया म्हणतात. डोस खाली आणला, थोडे दिवस प्रोप्रानोलॉल दिलं. पाय थांबले. इथं मला त्याचं "नाही" बरोबर होतं असं वाटतं, आणि ते डॉक्टरांनी त्याला तोंडावर म्हणून दाखवलं. त्या एका वाक्याने जे झालं ते माझ्या सगळ्या रजेने झालं नव्हतं.

आवाज पूर्ण गेलेत असं नाही. लांबच्या खोलीतल्या रेडिओसारखे असतात, म्हणतो, आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायचं की नाही ते आता त्याच्या हातात असतं. खिडकीवरची वर्तमानपत्रं त्याने एका रविवारी स्वतः काढली, काचेवर गोंदाचे डाग राहिलेत. मधे एकदा बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या, तेव्हा पुन्हा बिस्किटांवर आला. नव्याने आजारी पडलेल्यांत हे फार होतं, म्हणे. पण त्या खेपेला तो स्वतःच्या पायाने दवाखान्यात गेला. रोजची गोळी म्हणजे रोजची आठवण, ते नको म्हणाला, आणि महिन्यातून एकदा दंडात घ्यायच्या इंजेक्शनची त्यानेच चौकशी केली. पॅलिपेरिडोन, त्याच औषधाच्या घराण्यातलं. महाग आहे. ह्यांचा पीएफ आहे. कॉलेजला परत जायचं की इथंच काही करायचं यावर अजून घरात रोज जुंपते, आणि तसं जुंपणं मला आवडतं.

मामालाही आम्ही नेलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याची चिठ्ठी बदलली. लाळ बरीच कमी झालीय. हाताचं डॉक्टर म्हणाले, बघू.

आता नवीन काम निघालंय. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे माणूस ठीक असताना लिहून ठेवू शकतो की पुढं कधी निर्णय घेता येईनासा झाला तर माझ्यावर कसे उपचार करायचे आणि कसे करायचे नाहीत. तातडीच्या प्रसंगी तो कागद लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांनी तो पाळायचा असतो. आणि कलम १४ प्रमाणे आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो, साध्या कागदावर, सहीनिशी. कुणी निवडला नसेल तर तो अधिकार नातेवाइकाकडे येतो. आजवर तो न विचारता माझ्याकडे होता. मुलाने दोन पानं लिहिलीत. पहाटे उचलून न्यायचं नाही. डोस वाढवण्याआधी पायांबद्दल विचारायचं. जेवणात काही घालायचं नाही. शॉकबद्दल आधी नको लिहिलं होतं, मग डॉक्टरांशी बोलून खोडलं आणि लिहिलं, "भूल देऊन, आणि ताईला विचारून."

ताई म्हणजे माझ्या दिरांची मुलगी. इचलकरंजीला वकिली करते. प्रतिनिधी म्हणून त्याने तिचं नाव घातलंय, माझं नाही. बँकेत रोज माणसं नॉमिनी म्हणून कुणाचं नाव घालतात आणि कुणाचं वगळतात ते मी निर्विकार चेहऱ्याने बघत आलेय, त्यामुळे त्याच्यासमोर चेहरा तसाच ठेवता आला. नंतर विचारलंच. तो म्हणाला, "तू रडतेस. ताई भांडते."

ताईने कागद वाचून तिसऱ्या मुद्द्याची भाषा ढिली आहे म्हणून परत पाठवलाय. एका साक्षीदाराची सही झालीय, दुसरी शेजारचे काका दौऱ्यावरून आले की.